दोरी धरून लावलेल्या रांगा

५ ऑगस्ट

आत्या,

वाकून नमस्कार. अक्षर मुद्दाम मोठं काढतेय, तुला चष्मा शोधत बसायला लागू नये. फोन केला असता, पण तुला फोनवर ऐकू येत नाही आणि तू नुसतं "हो, हो" म्हणत राहतेस. मागे मी विचारलं होतं गुडघे कसे आहेत, तर तू "हो" म्हणालीस.

मी बरी आहे. बटण बरं आहे. त्याला खाली दोन दात आलेत आणि ते दोन्ही माझ्या खांद्यावर उमटलेत. हे पुलाच्या कामावरच आहेत, अजून तीन महिने तरी येत नाहीत. तुझा जावई फोनवर बटणाला "हॅलो साहेब" म्हणतो आणि बटण फोन चाटतं.

आता एक सांगते, लगेच रागावू नकोस. पूर्ण वाच, मग रागाव.

शेजारच्या वहिनी बटणाला सांभाळायच्या, त्या जागा सोडून गेल्या. दुसरं कोणी नाही. म्हणून मी त्याला शाळेत घेऊन येते. कुणाला माहीत नाही. सात नंबरच्या वर्गाला लागून अडगळीची खोली आहे. जुने नकाशे, वर रचलेले मोडके फळे, हाडांचा सापळा एक, त्याला हात नाही. खिडकी चांगली आहे, दुपारचं ऊन येतं. दोन बाकं आडवी टाकून मध्ये गोधडी घातलीय. माझं काम बारा ते सहा. घंटा झाली की पोरांचा गोंधळ असतो, तेवढ्यात पळत जाऊन पाजून येते. जिन्यावर कुणाच्या चपला वाजल्या तरी मी दाराला पाठ लावून उभी राहते. मोठ्या बाईंना कळलं तर काम गेलंच समज. इथल्या मोठ्या बाई ओरडत नाहीत, नुसतं बघतात. ओरडल्या असत्या तर बरं.

आणि आता नवीनच निघालंय. सात नंबरमधली सगळी बाकं काढली. त्याजागी एकेकट्याचं टेबल आणलंय, तीस टेबलं, प्रत्येकाला खाली चाकं. टेबल एका बाजूला रुंद आणि दुसरीकडे निमुळतं. सहा जोडली की गोल होतो म्हणे. फळ्यालाही चाकं. सगळं एक बाई करतात, शाळांचे नकाशे काढायचं काम करणाऱ्या. मी त्यांना नकाशेवाल्या बाई म्हणते. मी त्यांना अजून बघितलं नाही, त्या सकाळी सातला येऊन जातात आणि मी येते बाराला. शिपायानं सांगितलं, आधी या एका वर्गात करून बघणार, नववीच्या पोरांवर. जमलं तर आठवी, नववी, दहावी सगळ्यांना तसंच. आणि मग सात नंबर मोठी करायला मधली भिंत पाडणार.

ती भिंत म्हणजे बटणाच्या खोलीची भिंत.

तोवर मी आपलं काम करतेय. संध्याकाळी वर्गात जाते तर टेबलं चारी दिशांना तोंडं करून उभी, वादळ येऊन गेल्यासारखी. मग तुझी ती गाठी मारलेली दोरी काढते. दाराकडच्या टेबलाच्या पायाला टोक बांधते, भिंतीपर्यंत ताणते, दर गाठीला एक टेबल. टेबलांना नंबर आहेत, एक ते तीस, तेही लागोपाठ. सहा सहाच्या पाच रांगा. चाकाची टेबलं सरळ लावायची म्हणजे कोंबड्यांना ओळीत उभं करायचं आहे, पण लावते. तू म्हणायचीस ना, खोली अशी सोडावी की सकाळी येणाऱ्याला वाटावं इथे कुणी आलंच नव्हतं. तशी सोडते.

तुझी
काडी

१४ ऑगस्ट

काडे,

तुझं पत्र वाचलं. पूर्ण वाचलं. मग रागावले. सांगितल्याप्रमाणेच केलं.

पोराला खिडकीकडे झोपव, फळ्यांच्या खाली नको. एखादा फळा सरकला तर काय घेशील. गोधडीच्या खाली चटई घाल, फरशीची थंडी पाठीतून चढते. आणि त्या सापळ्याचं तोंड भिंतीकडे कर.

कुणाला सांगू नकोस. शिपायालाही नाही. मोठ्या बाई कुठल्याही शाळेतल्या असोत, दोन कान डोक्याला आणि दोन दाराला असतात. तू खाली मान घालून काम कर. ज्याच्या कामात खोट निघत नाही त्याच्या मागे कुणी लागत नाही. मी एकोणतीस वर्षं झाडू मारला, माझ्या रांगेत कुणाला बोट दाखवता आलं नाही.

चाकं लावलेलं टेबल म्हणजे काय ते मला कळलं नाही. ते टेबल आहे का हातगाडी? पोरं अभ्यास करणार का भाजी विकणार? मी इथल्या दुकानदाराला सांगितलं, तो म्हणाला आता सगळीकडे तसंच येतंय. तो काहीही विचारलं की हेच म्हणतो.

तुझ्या रांगांचं वाचून बरं वाटलं. दोरी सांभाळ. ओली ठेवू नकोस, आखडते.

माझे गुडघे ठणठणीत आहेत.

आत्या

११ सप्टेंबर

आत्या,

आधी चांगलं सांगते. भिंत पाडायचं रद्द होतंय.

काल दुपारी मी सात नंबरच्या खिडक्या बाहेरून पुसत होते. पोरं मैदानावर होती. आत मोठ्या बाई, गणिताचे सर आणि एक बाई, खांद्याला लांब नळकांडं अडकवलेलं. मी ओळखलं, ह्याच नकाशेवाल्या. मला वाटलं होतं कडक असतील. तशा नाहीत, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. बुटाची नाडी सुटलेली होती आणि त्यांना पत्ता नव्हता.

त्या टेबलावर फोटो मांडत होत्या. रोज सकाळी दारातून एक फोटो काढतात, त्याच जागेवरून. म्हणाल्या, "पोरांना सांगितलं होतं, तुम्हाला हवं तसं बसा आणि जाताना टेबलं आहेत तशी सोडा. एकवीस दिवस झाले. एकवीस दिवस रांगा. पहिल्या दिवशीसुद्धा."

गणिताचे सर म्हणाले, "मी काय म्हणत होतो? मुलांनाच शिस्त हवी असते. तुम्ही पंख दिले, त्यांनी घडी घालून ठेवले."

नकाशेवाल्या म्हणाल्या, "इतक्या सरळ रांगा. नंबरानं. मला वाटलं होतं निदान एक तरी टेबल वाकडं असेल."

मोठ्या बाई म्हणाल्या, "महिनाअखेरीस समिती बसेल. हेच फोटो ठेवायचे असतील तर भिंत पाडण्यात अर्थ नाही. बाकं परत आणू."

मी फडकं पिळलं आणि धावत अडगळीत गेले. बटणाला उचलून त्याचे एवढे मुके घेतले की ते वैतागलं. खोली राहिली आत्या, असं मला वाटलं. ऊनही राहिलं, खिडकीही राहिली.

मग पाजायला बसले आणि हळूहळू डोक्यात उजेड पडला. रांगा तर मी लावते.

मला कुणी सांगितलंच नव्हतं गं. शिक्षकांच्या बैठकीत सांगितलं असेल, पोरांना सांगितलं असेल. झाडणाऱ्याला कोण सांगतं. मी खोली स्वच्छ करत होते, आणि ती बाई फोटो काढत होती माझ्या कामाचे.

तरी मी म्हटलं, गप्प बसावं. माझी काय चूक? पण अजून एक आहे, ते सांगितल्याशिवाय पत्र बंद होत नाही.

फरशी मी पुसते ना, त्या चाकांच्या काळ्या रेघा उठतात. पहिल्या दोन आठवड्यांत फरशी भरलेली असायची. खिडकीकडे सहा रेघा जायच्या, मागच्या कोपऱ्यात गोल, फळ्याच्या मागे दोघं कुणीतरी रोज तोंड लपवून बसायचे. कुठे काय चाललं होतं ते मला रेघांवरून कळायचं. आणि मी ते पुसून टाकायचे. मग रेघा कमी कमी झाल्या. गेल्या आठवड्यात एकच उरली. मागच्या रांगेतून निघते आणि फळ्याजवळ डाव्या भिंतीला जाऊन थांबते. एकोणतीस नंबरचं टेबल. रोज.

सोमवारी त्या टेबलाची मुलगी मागे राहिली होती. दोन वेण्या, जरा मान तिरकी करून बोलते. मला म्हणाली, "मावशी, माझं टेबल रोज मागे कोण नेतं?"

मी म्हटलं, "मला काय माहीत बाई."

ती म्हणाली, "मोठ्या बाईच असतील. त्यांना रांगाच हव्यात, उगाच आम्हाला हवं तसं बसा म्हणाल्या. म्हणून आता कुणी हलवत नाही. मला हलवायलाच लागतं. मला या एकाच कानानं ऐकू येतं. तिकडे बसलं की हा कान सरांकडे होतो." मग हसून म्हणाली, "चाकं आहेत म्हणून बरं. बाकावर असताना वर्षभर काय शिकवलं ते मला अजून माहीत नाही."

आणि दप्तर उचलून गेली. मी तिचं टेबल ढकलत मागे नेलं, शेवटच्या रांगेत पाचव्या गाठीला लावलं. आत्या, हात नेहमीचं काम करत होते.

सांगितलं तर भिंत पडते. भिंत पडली की बटण उघड्यावर, आणि आधी माझंच विचारतील, तुम्हाला रांगा लावायला कुणी सांगितलं. नाही सांगितलं तर कुणाला कधीच कळणार नाही. तूच सांग काय करू. लवकर लिही.

काडी

१९ सप्टेंबर

काडे,

तोंड शिवून बस.

तू चोरी केली नाहीस, मोडतोड केली नाहीस. कामाला लागलीस तेव्हा जे शिकवलं ते केलंस. त्यांनी तुला सांगितलं नाही ही त्यांची चूक, ती तू आपल्या डोक्यावर घेऊन कशाला नाचतेस. नकाशेवाली शिकलेली आहे, तिला दुसरी शाळा मिळेल. तुला दुसरी अडगळ मिळणार नाही.

त्या पोरीसाठी एवढं वाईट वाटत असेल तर तिचं टेबल तेवढं पुढे ठेव. एक टेबल इकडचं तिकडे झालं तर कुणी बघत नाही.

मला यातलं कळतं म्हणून सांगतेय. जास्त विचारू नकोस.

आत्या

२० सप्टेंबर

आत्या,

तुझ्या उत्तराची वाट बघायची होती, पण महिनाअखेर जवळ आली आणि मला जेवण जाईना. दूध कमी झालं तर बटणाचं काय, असं वाटलं आणि त्याच भीतीनं मी जाऊन सांगून टाकलं. एका भीतीनं दुसरीला ढकललं म्हण.

आज सकाळी सातलाच गेले. बटण झोळीत, वरून ओढणी. शिपाई म्हणाला, "आज सूर्य कुठे उगवला?" नकाशेवाल्या बाई सात नंबरच्या दारात उभ्या, डोळ्याला कॅमेरा. आत माझ्या पाच रांगा.

मी काय बोलायचं ते घरून पाठ करून आले होते. सगळं विसरले. म्हटलं, "बाई, हा फोटो काढू नका. ह्या माझ्या आहेत."

त्या म्हणाल्या, "काय तुमच्या?"

"रांगा. पोरांच्या नाहीत. मी रोज संध्याकाळी लावते. मला कुणी सांगितलं नव्हतं."

त्यांनी कॅमेरा खाली केला. ओरडतील असं वाटलं. हसतील असंही वाटलं. त्या सरळ उंबऱ्यावर बसल्या, चांगल्या कपड्यांत. मग म्हणाल्या, "इतके दिवस मी स्वतःला शिव्या देतेय." आणि मग पहिलं काय विचारलं असेल सांग? "पण इतक्या सरळ कशा लावता हो?"

मी दोरी दाखवली. गाठी दाखवल्या. म्हटलं, "माझ्या आत्याची आहे." त्यांनी एकेक गाठ बोटानं मोजली.

मग मी म्हटलं, पोरं कुठे कुठे बसायची ते मला माहीत आहे. त्यांना पटेना. मी खडू घेतला आणि फरशीवर काढून दाखवलं. इथे सहा जण खिडकीशी, वाचायचं असलं की. इथे गोल, पण दर मंगळवारीच, काहीतरी बनवायचा तास असतो, डिंक सांडलेला असतो. या कोपऱ्यात कुणीच जात नाही कारण वरून पाणी ठिबकतं. फळ्याच्या मागे दोघं. आणि इथे एकोणतीस नंबर, तिला डावा कान नाही. त्या वहीत उतरवत होत्या, उतरवता उतरवता फरशीवर गुडघ्यांवर आल्या. मी म्हटलं, बाई, फरशी अजून पुसलेली नाही. त्या म्हणाल्या, "पुसू नका."

तेवढ्यात ओढणीखालून बटणानं आवाज काढला. रडलं नाही गं, नुसतं "अबू" म्हणालं, आपणही इथे आहोत म्हणून.

आता लपवण्यात काही उरलं नव्हतं. मी त्यांना अडगळीत नेलं आणि बाकं दाखवली, गोधडी दाखवली, भिंतीकडे तोंड केलेला सापळा दाखवला. म्हटलं, "भिंत पाडायची असेल तर पाडा. पण हे असं आहे." मागे बघते तर दारात मोठ्या बाई. त्या साडेसातला येतात हे मी विसरलेच होते.

मोठ्या बाईंनी आधी मला बघितलं, मग बटणाला, मग वरच्या फळ्यांना. म्हणाल्या, "किती दिवस?"

"दीड महिना."

"दीड महिना हे मूल माझ्या शाळेत आहे आणि मला माहीत नाही." मग पुढे येऊन त्यांनी वरचा एक फळा नुसता बोटानं हलवला. तो हलला. "हा पडला असता तर?"

तूही तेच लिहिलं होतंस.

म्हणाल्या, "आजपासून हे मूल या खोलीत नको. समजलं?"

मी मान हलवली. म्हणाल्या, "दुपारी बाराला माझ्या खोलीत या." आणि गेल्या.

हे मी अकरा वाजता लिहितेय, पाण्याच्या टाकीमागे बसून. बटण बाटलीचं झाकण चावतंय. बाराला काय होतं ते खाली लिहिते आणि मगच टपालात टाकते.

नाही, आत्ताच टाकते. वाईट झालं तर लिहायला हात उचलणार नाही. काही झालं तर आम्ही दोघं तुझ्याकडे येऊ का?

काडी

२९ सप्टेंबर

काडे,

तुझं पत्र पंचवीसला आलं आणि त्यानंतर काही नाही. मी रोज दारात खुर्ची टाकून बसते. शेजारीण विचारते कुणाची वाट बघता, मी सांगते ऊन खाते.

या. विचारायचं काय त्यात. दोघं या.

तुला एक कधी सांगितलं नव्हतं, ते आता सांगते, म्हणजे मी तोंड शिवून बस का म्हणाले ते तुला कळेल. तुझी आई गेली तेव्हा तू अकरा महिन्यांची होतीस. तुला घेऊन मीही तेच केलं होतं. पहिल्या शाळेत, अडगळीच्या खोलीत, दोन बाकांच्या मध्ये. तुला मी नेहमी सांगत आले की तिथली हवा मानवली नाही म्हणून गाव सोडलं. हवा चांगली होती. तिथल्या मोठ्या बाईंनी एक दिवस दार उघडलं, तू त्यांच्याकडे बघून हसलीस, आणि त्यांनी मला त्याच दिवशी घरी पाठवलं. परत बोलावलं नाही.

त्यानंतर पुढच्या शाळेत मी ती दोरी केली. ठरवलं की आता कुणाला माझ्यात काही सापडता कामा नये. खोली अशी सोडायची की कुणी आलंच नव्हतं असं वाटावं, ते मी खोलीचं म्हणत होते का माझं, कोण जाणे. तुला तेच शिकवलं. वाईट शिकवलं असं नाही म्हणत. पण तू दारात जाऊन "ह्या माझ्या आहेत" म्हणालीस ते वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि जरा वेळ चूल पेटवलीच नाही. मला ते म्हणता आलं नसतं.

गुडघे ठणठणीत नाहीत. एक जिना चढते आणि बसते. तेही आता सांगून टाकलं.

लवकर लिही. चांगलं असो वाईट असो.

आत्या

४ ऑक्टोबर

आत्या,

चुकले. दोन आठवडे लिहिलं नाही, कारण रोज काहीतरी बदलत होतं आणि मला वाटायचं आज लिहीन ते उद्या खोटं ठरेल. वाईट काही नाही. आधी हे वाचून खुर्ची दारातून आत घे.

तुझी दोन्ही पत्रं आता माझ्याकडे आहेत. तोंड शिवून बस हे मी सांगून आल्यावर पाच दिवसांनी पोचलं. आधी पोचलं असतं तर मी शिवलं असतं गं. तुझं मी कधी मोडलं नाही. टपालाला उशीर झाला म्हणून माझं बरं झालं.

दुसरं पत्र वाचून मी रडले. बटणानं बघितलं आणि तेही रडलं, त्याला काय कळतंय. मग त्याला पोटाशी धरून म्हटलं, तुझी आजी आणि तुझी आई एकाच शाळेत शिकल्या रे, बाकांच्या मध्ये.

बाराला काय झालं ते सांगते. मी काम गेलं असं धरूनच आत गेले. मोठ्या बाई म्हणाल्या, बसा. मी उभीच. त्या म्हणाल्या, "बसा, मूल जड असेल." मग म्हणाल्या, फळ्यांखाली मूल झोपवलं त्याचा मला राग आहे, तो जाणार नाही. सांगितलं का नाही? मी म्हटलं, भीती वाटली. "माझी?" मी बटणाची ओढणी नीट केली. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "दोन शिक्षिका आहेत, त्यांची मुलं लहान आहेत. त्या मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत दार लावून दूध काढत बसतात, ते मला माहीत आहे. त्यांनीही मला सांगितलेलं नाही." मला त्यांची दया आली, खरं सांगते. त्यांना कुणी काही सांगतच नाही.

सध्या बटण त्यांच्या खोलीबाहेरच्या जागेत असतं, कारकूनबाईंच्या टेबलाशेजारी. कारकूनबाई म्हणतात मला मुलं आवडत नाहीत, आणि त्याला रबरी शिक्के खेळायला देतात. परवा त्याच्या कपाळावर "पोच" असा शिक्का होता.

नकाशेवाल्यांनी समितीकडून आणखी एकवीस दिवस मागून घेतले. पोरांना जाऊन सांगितलं की रांगा मोठ्या बाईंच्या नव्हत्या, चूक झाली होती. माझं नाव घेतलं नाही. पण मी स्वतःच एकोणतीस नंबरला सांगितलं. म्हटलं, तुझं टेबल मीच मागे नेत होते. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं. दोरीचा धागा सापडला होता चाकात." म्हणजे तिला माहीत होतं, आणि तरी रोज पुढे आणत होती. आता माझ्याशी बोलते, चांगला कान माझ्याकडे करून.

आता मी टेबलं हलवत नाही. फार जड जातं. हात शिवशिवतात. टेबलांच्या मधून झाडायचं म्हणजे कंबर मोडते, म्हणून मी नकाशेवाल्यांना म्हटलं की स्टुलं टेबलाच्या कडेला उलटी टांगता आली तर बरं. त्यांनी आकडे बसवून आणले. मग म्हटलं, चाकांचा ब्रेक काळा आहे, लागलाय का नाही ते वाकल्याशिवाय दिसत नाही. त्यांनी तो लाल केला. मग त्या मलाच बोलवायला लागल्या, प्रत्येक नवीन गोष्टीला. "मावशी, ही पुसायला कशी?" गणिताचे सर म्हणाले, "आता नकाशे झाडूनं काढायचे का?" मी म्हटलं, "सर, तुमच्या कोपऱ्यात खडू सगळ्यात जास्त सांडतो, ते पण नकाशात घेतलंय." नकाशेवाल्या तोंड फिरवून हसल्या. माझं मलाच नवल वाटलं, मी कधीपासून असं बोलायला लागले.

भिंत पडणार की नाही ते अजून ठरायचं आहे.

तुझी
काडी

२६ नोव्हेंबर

आत्या,

भिंत पडली.

मी बघायला उभी होते, बटण कडेवर. पहिल्या घणाला ते दचकलं, दुसऱ्याला टाळ्या वाजवायला लागलं. धूळ खाली बसल्यावर आमच्या खिडकीतलं ऊन सरळ सात नंबरच्या फळ्यापर्यंत गेलं. इतकी वर्षं ते जुन्या नकाशांवर वाया जात होतं. सापळ्याला आता वर्गात जागा मिळालीय, पोरांनी त्याला पुठ्ठ्याचा हात करून लावलाय.

आणि नळाजवळ, जिन्याखाली, एक छोटी खोली काढलीय. नकाशेवाल्यांनी नकाशात दाखवली आणि मोठ्या बाईंनी समितीत मागून घेतली. दार आहे, आतून कडी आहे, टेकायला पाठ असलेली खुर्ची आहे. दाराबाहेर पाटी नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, ज्यांना लागते त्यांना माहीत आहे. दोन्ही शिक्षिका येतात. काल आम्ही तिघी एकदम होतो आणि बटण तिघींच्या पायांमधून रांगत होतं.

आता तुझ्या दोरीचं.

काल नववीची परीक्षा सुरू झाली. परीक्षेला रांगा लागतात, कुणी कुणाचं बघू नये म्हणून. परवा संध्याकाळी पोरांनी स्वतःच टेबलं लावली. मी झाडू घेऊन गेले तर काय त्या रांगा. एक टेबल पूर्वेला, एक पश्चिमेला, मधली रांग पोटात दुखल्यासारखी वाकलेली. मी दाराशी उभी राहिले, हात मागे बांधून. माझा माझ्यावरच विश्वास नव्हता म्हणून बांधले.

एकोणतीस नंबर माझ्याकडे आली. म्हणाली, "मावशी, सरळ आहेत का?"

मी म्हटलं, "खरं सांगू?"

ती म्हणाली, "दोरी आणा ना."

आणली. एक टोक तिनं धरलं, एक भिंतीपाशी दुसऱ्या पोरीनं. मी नुसती सांगत होते, ताण, अजून ताण, गाठ बघ. तीस पोरं, दर गाठीला एक टेबल, लाल ब्रेक खाली, ठक ठक ठक. पाच मिनिटांत पाच रांगा. तू बघायला हवं होतंस. मग एकोणतीस नंबरनं आपलं टेबल घेतलं आणि डावीकडे पुढे नेऊन लावलं, रांगेच्या बाहेर. कुणी तिला मागे नेलं नाही. सूचना ऐकायच्या असतात ना परीक्षेत.

त्या एका टेबलामुळे खोली बघणाऱ्याला कळतं की इथे कुणीतरी बसतं. मी झाडून घेतलं, फरशी पुसली, आणि ते तसंच ठेवून दिवा मालवला.

हे पुढच्या महिन्यात येतायत. तू त्याआधी ये. जिना नाही, मी तळमजल्यावर आहे. बटण उभं राहायला लागलंय, कशालाही धरून.

तुझी
काडी

३ डिसेंबर

काडे,

रविवारी दुपारच्या गाडीनं येते. उतरवून घ्यायला ये, पिशव्या तीन आहेत.

दोरी चांगल्या हातात आहे, तिथेच राहू दे. मी दुसरी करून आणतेय, बटणाच्या पाळण्याला. तिला गाठी मारल्या नाहीत.

आणि घरात मला बसायला काहीतरी ठेव, पण चाकं नसलेलं.

आत्या